पावसाळ्यात विमान उतरवायचे की परत फिरवायचे, हे वैमानिक कसे ठरवतात?

कातळसडा (धागाकर्ता)
ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाल्यापासून सिंधुदुर्गातल्या चाकरमान्यांना गावी येण्याचा आणखी एक मार्ग मिळाला. मात्र श्रावण-भाद्रपदात विमान धावपट्टीजवळ येऊन पुन्हा वर जाणे, घिरट्या घालणे आणि अखेरीस दुसऱ्याच विमानतळावर उतरणे हेही आपल्या ओळखीचे झाले आहे. अशा वेळी प्रवाशांमध्ये जी चर्चा होते ती मला अस्वस्थ करते. ‘वैमानिक नवखा असेल’, ‘एवढ्याशा पावसाला घाबरला’, ‘दुसऱ्या कंपनीचे विमान उतरले की’, असे बोलणारे लोक एरवी समंजस असतात.

म्हणून जाणकारांना विचारतो. उतरायचे नाही हा निर्णय नेमका कोणत्या क्षणी आणि कशाच्या आधारे होतो? तो एकट्या कॅप्टनचा असतो का? इंधन, वेळापत्रक आणि कंपनीचा पैसा यांचा दबाव त्यावर पडतो का?

सोलकढी_प्रेमी
फार चांगला विषय. मी खिडकीजवळ बसून ढगांकडे पाहत देवाचे नाव घेणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे उत्तरे मन लावून वाचणार आहे.

वातकुक्कुट
प्रवासी विमानांवर बरीच वर्षे काम करून मी निवृत्त झालो आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

निर्णय आकाशात होतो असे प्रवाशांना वाटते, पण त्याचा मोठा भाग जमिनीवरच होऊन गेलेला असतो. उड्डाणाआधी दोन्ही वैमानिक हवामानाचा अंदाज, धावपट्टीची स्थिती आणि विमानातील प्रलंबित दुरुस्त्या पाहतात आणि मग इंधन ठरवतात. मुक्कामी पोहोचण्यापुरते इंधन, वाटेतल्या अनपेक्षित विलंबासाठी त्यावर काही टक्के, मुक्कामाहून पर्यायी विमानतळापर्यंत जाण्यापुरते इंधन, आणि या सगळ्याखेरीज जेट विमानासाठी ३० मिनिटांचे अंतिम राखीव इंधन, असा तो हिशेब असतो. हे शेवटचे ३० मिनिटांचे इंधन खर्चासाठी नसते. उतरताना ते टाकीत शिल्लक राहणार नाही असे दिसले, तर वैमानिकाला ‘मेडे फ्युएल’ म्हणून आणीबाणी जाहीर करावी लागते. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर यायचे असेल तर समजूतदार कॅप्टन याहूनही जास्त इंधन मागून घेतो, कारण टाकीत इंधन असेल तरच त्याला थांबायला वेळ मिळतो.

या हिशेबातून एक आकडा निघतो. टाकीत इतके किलो उरले की चर्चा बंद आणि पर्यायी विमानतळाकडे वळायचे. उतरणीला लागण्याआधी आम्ही तो आकडा कागदावर लिहून दोघांच्या नजरेसमोर ठेवत असू. एका जुलैत गोव्यात दाबोळीला धावपट्टीच्या तोंडावरच जोराची सर आली, आम्ही वर गेलो आणि घिरट्या घालू लागलो. सर ओसरत चालल्याचे रडारवर दिसत होते आणि नेमके त्याच वेळी इंधन त्या आकड्यावर आले. सहवैमानिकाने आकडा मोठ्याने वाचला आणि मी विमान वळवले. पुढच्या पाच मिनिटांत पाऊस थांबलाही असेल, पण तो विचार तेव्हा करायचा नसतो, कारण ‘अजून पाचच मिनिटे’ हे म्हणणे दर पाच मिनिटांनी तितकेच पटते.

दुसरी मर्यादा उंचीची. साध्या म्हणजे पहिल्या श्रेणीच्या आयएलएस यंत्रणेच्या (रेडिओ संकेतांनी धावपट्टीकडे नेणारी यंत्रणा) आधारे उतरताना धावपट्टीपासून साधारण २०० फूट उंचीपर्यंत खाली येता येते. जिथे ही यंत्रणा नसते तिथे ती मर्यादा बरीच वर असते. त्या उंचीवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत तर विमान वर न्यायचे, तिथे मत द्यायला वाव नसतो. तिसरी मर्यादा स्थिरतेची. ढगांतून येत असाल तर १,००० फुटांवर, आणि धावपट्टी स्पष्ट दिसत असेल तर ५०० फुटांवर, विमानाचा वेग, खाली येण्याचा दर, दिशा, चाके आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) हे सगळे ठरल्याप्रमाणे असले पाहिजे. एखादी गोष्ट जरी बिघडलेली असली तरी उतरण्याचा प्रयत्न सोडायचा.

हापूस_बाग
चिपीहून गोव्यातला मोपा इतका जवळ आहे की पर्यायी विमानतळ म्हणून तो सर्वांत सोयीचा असणार, असे मी धरून चाललो होतो. मग काही वेळा विमान थेट मुंबईला परत का नेतात?

वातकुक्कुट
@हापूस_बाग, जवळ असणे हीच कधी कधी अडचण होते. अरबी समुद्रावरून आलेला पावसाचा पट्टा वेंगुर्ले आणि पेडणे यांच्यात भेद करत नाही. ज्या ढगाने चिपी झाकली तोच अर्ध्या तासात मोपावरही पोहोचू शकतो. म्हणून दोन पर्याय पाहून ठेवतात, एक जवळचा आणि एक त्या पावसाच्या पट्ट्याबाहेरचा. शिवाय सगळ्यांनी एकाच वेळी मोपाकडे धाव घेतली तर तिथे विमान उभे करायला जागा उरेल का, हेही पाहावे लागते.

संकासूर
सर्वांचा आदर राखून थोडे विरोधी मत मांडतो. आमच्या आधी दहा मिनिटे एक विमान त्याच धावपट्टीवर उतरले आणि आम्हाला परत नेले, हे मी स्वतः पाहिले आहे. पाऊस तोच आणि धावपट्टी तीच. मग नियमांच्या आड राहून जबाबदारी टाळली जात नाही कशावरून? प्रवाशांत कोणी आजारी माणसाला भेटायला निघालेले असते, कोणाच्या घरी लग्न असते. त्यांच्या नुकसानीची नोंद कुठे होते? आणि इतक्या आकड्यांनी बांधून टाकल्यावर अनुभवी माणसाच्या तारतम्याला काय किंमत राहिली?

जांभा
@संकासूर, आधीचे विमान उतरले याचा अर्थ पुढचे उतरू शकेल असा होत नाही. पावसाळी ढगाखाली दहा मिनिटांत वाऱ्याची दिशा उलटते. विमानाचा प्रकार, त्याचे वजन, वैमानिकाचे प्रशिक्षण आणि कंपनीने घालून दिलेली मर्यादा यांनुसारही उत्तर बदलते. ओल्या धावपट्टीचे गणित तर फारच कडक आहे. जेट विमानाला उड्डाणाआधीच्या हिशेबात मुक्कामाच्या धावपट्टीच्या ६० टक्के लांबीत थांबता आले पाहिजे, आणि धावपट्टी ओली असण्याची शक्यता असेल तर त्यावर आणखी १५ टक्के लांबी धरतात. चिपीची धावपट्टी २,५०० मीटर आहे. हा आकडा कागदावर ऐसपैस दिसतो, पण पाठीमागून वारा असेल आणि विमान जरा पुढे जाऊन टेकले तर ती लांबी झपाट्याने संपते.

७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला काय झाले ते आठवा. दुबईहून आलेल्या विमानात १९० जण होते. पहिल्या प्रयत्नात ते वर गेले, म्हणजे तोपर्यंतचा निर्णय योग्यच होता. कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला होता. दुसऱ्या वेळी विरुद्ध दिशेने उतरताना वारा पाठीमागून होता, विमान स्थिर नव्हते, आणि सुमारे २,७०० मीटरच्या धावपट्टीवर ते जवळपास अर्ध्यावर जाऊन टेकले. सहवैमानिकाने वर जाण्याची सूचना दिली होती. ती मानली गेली नाही, विमान पठाराच्या कडेवरून खाली कोसळले आणि दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण त्याच कॅप्टनला करायचे होते आणि त्यासाठी कोळिकोडलाच उतरण्याची ओढ त्याच्या मनात होती, असे चौकशी अहवालात नोंदवले आहे. तारतम्य नेमके कशाने झाकोळते, ते इथे दिसते. कॅप्टन अतिशय अनुभवी होता.

संकासूर
@जांभा, हा मुद्दा मला विचार करायला लावणारा आहे, कारण मी अनुभवाला ढाल समजत होतो. तरीही माझा प्रश्न उरतोच. कोळिकोडलाही नियम होतेच ना? नियम असूनही असे होत असेल तर नियमांपलीकडे काहीतरी लागते.

रापण
ते ‘काहीतरी’ काय असावे याबद्दल माझा एक विचार आहे. आमचे घर मासेमारीचे आहे आणि वडील तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. बंदरावर धोक्याचा बावटा लागला की होडी काढायची नाही, हे सर्वांना ठाऊक असते. पण बावटा नसताना समुद्रात गेल्यावर वारा फिरला, तर परत यायचे की जाळे टाकायचे हे तांडेलला ठरवावे लागते, आणि तिथे खरी कसोटी लागते. डिझेल आणि बर्फ यांचे पैसे आधीच गेलेले असतात. रिकामे परतले तर खलाशांचा वाटा बुडतो आणि मालकाचा चेहरा बदलतो. म्हणजे परत फिरण्याचा खर्च ज्याने निर्णय घ्यायचा त्याच्याच खिशातून आणि त्याच्याच अब्रूतून जातो. माझ्या वडिलांना समुद्र उत्तम कळत होता, पण हा खर्च त्यांच्या डोक्यावर नसता तर ते कितीतरी वेळा आधी वळले असते, असे ते स्वतः सांगत.

म्हणून मला जाणकारांना विचारायचे आहे की विमान दुसरीकडे नेले तर कॅप्टनचे काय होते? पगार कापतात का? जाब विचारतात का? माझ्या मते या धाग्यातल्या मूळ प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथे आहे.

वातकुक्कुट
@रापण, आपण अगदी मर्मावर बोट ठेवले आहे.

पगार कापत नाहीत. उतरण्याचा प्रयत्न सोडून वर गेल्याबद्दल वैमानिकाला दोष द्यायचा नाही, हे धोरण आपल्याकडेही स्वीकारलेले आहे. विमानातील नोंदयंत्राची माहिती प्रत्येक उड्डाणानंतर तपासली जाते आणि अस्थिर अवस्थेत उतरलेला वैमानिक त्यात दिसतो. म्हणजे व्यवस्थेने जाब विचारण्याची जागा बदलली आहे. वर का गेलात असे न विचारता, स्थिर नसताना खाली का आलात असे विचारायचे.

तरीही मोकळेपणाने सांगायचे तर कागदावरचे धोरण आणि माणसाचे मन यांत अंतर असते. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेच्या अभ्यासात असे आढळले की अस्थिर अवस्थेत खाली येणाऱ्या विमानांपैकी जेमतेम ३ टक्केच वर जातात. बाकीची उतरतात, त्यांतील बहुतेक सुखरूप उतरतात, आणि म्हणूनच ही सवय मोडत नाही. प्रत्येक वेळी सुखरूप उतरल्यावर वैमानिकाला वाटते की आपला अंदाज बरोबर होता, वास्तविक त्या दिवशी फक्त वारा बरा होता. ड्युटीचे तास संपत आलेले असतात, मागे प्रवासी कुजबुजत असतात, आणि धावपट्टी समोर दिसत असते. हाताशी आलेले सोडून देणे माणसाला जड जाते. मी पाहिलेल्या सर्वांत भल्या वैमानिकांनाही ते जड गेले आहे.

रेवस_बंदर
रापण यांच्या प्रतिसादावरून रामदास बोटीची आठवण होणे अपरिहार्य आहे. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ही बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आमच्या भागात आजही असे घर सापडते जिथे त्या दिवशीची कोणाची तरी तिथी पाळली जाते. ऐन पावसाळा, सणासाठी घरी पोहोचायला निघालेले लोक आणि भरलेली बोट. गणपतीच्या तोंडावर चिपीला येणाऱ्या विमानातली घाई आणि ती घाई एकाच जातीच्या आहेत.

मांडवी_एक्सप्रेस
आमच्या घरी कोकण रेल्वेची नोकरी आहे, म्हणून एक माहिती जोडते. मुसळधार पावसात दृश्यमानता कमी झाली की गाडी ताशी ४० किलोमीटरने चालवण्याची सूचना लोको पायलटना असते, आणि पावसाळ्यासाठी वेळापत्रकच वेगळे असते. रत्नागिरीजवळच्या पानवल पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र बसवलेले आहे. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की वेळापत्रकातच तो जास्तीचा वेळ धरलेला असल्यामुळे गाडी हळू चालवणाऱ्याला आपण उशीर करत आहोत असे वाटत नाही. विमान कंपन्यांनीही पावसाळ्यात किनारपट्टीच्या फेऱ्यांना असा मोकळा वेळ ठेवला, तर कॅप्टनच्या मनावरचे ओझे बरेच उतरेल.

वैद्य_चिपळूण
धाग्यात अजून न आलेली एक बाजू शरीराची आहे, म्हणून लिहितो. प्रत्येक उड्डाणाआधी वैमानिकाने स्वतःला काही प्रश्न विचारायचे असतात. आजारी आहे का, कोणते औषध घेतले आहे, मनावर ताण आहे का, मद्य घेतले आहे का, थकवा आहे का, जेवण झाले आहे का. मद्याबाबत आपल्याकडे १२ तासांचा नियम आहे आणि श्वासाची तपासणीही होते. सर्दीवरच्या साध्या गोळीने येणारी गुंगी मात्र अशा तपासणीत सापडत नाही, ती ज्याची त्यानेच ओळखावी लागते.

२२ मे २०१० रोजी मंगळूरला पहाटेच्या वेळी झालेला अपघात डॉक्टर म्हणून मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यात १५८ जण गेले आणि ८ वाचले. कॅप्टन वाटेत दीड तासाहून अधिक काळ झोपला होता. गाढ झोपेतून उठल्यावर काही वेळ माणूस जागा दिसतो, बोलतो, हातपाय हलवतो, पण त्याची निर्णयशक्ती पूर्ण परतलेली नसते. विमान फार उंचावरून येत होते, सहवैमानिकाने वर जाण्याविषयी पुन्हा पुन्हा सांगितले, तरी उतरण्याचा प्रयत्न चालूच राहिला. विमान बरेच पुढे जाऊन टेकले, आणि इंजिनाचा उलटा जोर लावून झाल्यावर, म्हणजे थांबण्याला पर्याय उरला नसताना, पुन्हा उड्डाण करण्याचा प्रयत्न झाला. टेकल्यापासून पूर्ण जोराने ब्रेक लावून राहिले असते तर विमान थांबू शकले असते, असे चौकशीत म्हटले आहे. उशिरा घेतलेला सावध निर्णयही घातक ठरू शकतो, हे मला त्यातून कळले.

संकासूर
@वैद्य_चिपळूण, @जांभा, दोन्ही अपघातांत सहवैमानिक योग्य तेच सांगत होता आणि त्याचे ऐकले गेले नाही, हे वाचून माझा रोख बदलतो. ज्येष्ठांना उलट बोलू नये हा आपल्याकडचा संस्कार घरात चांगला असेल, पण कॉकपिटमध्ये त्याचे काय करायचे?

वातकुक्कुट
@संकासूर, हा दोष केवळ आपल्याकडचा नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. तिथेही नावाजलेल्या कॅप्टनसमोर कनिष्ठांची शंका दबली. पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, अमेरिकेत पोर्टलंडजवळ एक विमान चाकांच्या बिघाडाचा विचार करत इतका वेळ घिरट्या घालत राहिले की त्याचे इंधनच संपले. इंधनाची आठवण कॅप्टनला करून दिली गेली होती, पण ती हळू आवाजात आणि आडवळणाने. या अपघातांनंतर क्रू रिसोर्स मॅनेजमेंट नावाचे प्रशिक्षण सुरू झाले आणि आता ते जगभर सक्तीचे आहे.

त्यात सहवैमानिकाला बोलायचे कसे हेच शिकवतात. आधी काय दिसते ते सांगायचे, ‘सर, वेग वीस नॉटने जास्त आहे.’ उत्तर आले नाही तर काय करायचे ते सांगायचे, ‘गो अराउंड’, म्हणजे उतरणे सोडून वर चला. दुसऱ्यांदाही उत्तर आले नाही तर नियंत्रण स्वतःकडे घ्यायचे. आणि कॅप्टनला ऐकायला शिकवतात. मी स्वतः प्रत्येक उड्डाणाआधी सहवैमानिकाला सांगत असे की तुझ्या तोंडून ‘गो अराउंड’ आले की मी कारण न विचारता विमान वर नेईन, कारणाची चर्चा वर पोहोचल्यावर करू. हे वाक्य आधी बोलून ठेवले की पंचविशीतल्या मुलाचे दडपण निम्मे होते. रापण यांच्या भाषेत सांगायचे तर, बोलण्याचा खर्च मी त्याच्या खात्यातून काढून घेत असे.

तुमच्या पहिल्या प्रतिसादातला तारतम्याचा मुद्दाही मी विसरलेलो नाही. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांच्या थव्यामुळे दोन्ही इंजिने बंद पडल्यावर कॅप्टन सलेनबर्गर यांनी विमान हडसन नदीत उतरवले आणि १५५ जण वाचले. ते कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नव्हते. मात्र नंतरच्या चाचण्यांत परिस्थिती ओळखायला लागणारी ३५ सेकंदे हिशेबात धरली, तेव्हा विमानतळावर परतण्याचा प्रयत्न फसला. ज्या गोष्टी आधी ठरवता येतात त्या ठरवून ठेवलेल्या असल्या, तरच तारतम्याला अशा प्रसंगी मोकळी जागा मिळते.

कातळसडा
सर्वांचे मनापासून आभार. माझ्या तिन्ही प्रश्नांना उत्तरे मिळाली आणि त्यातून प्रवासी म्हणून एक गोष्ट करण्याचे मी ठरवले आहे. विमान दुसरीकडे उतरले आणि आजूबाजूला कुरबुर सुरू झाली, तर उतरताना दारापाशी थांबून कर्मचाऱ्यांना, वैमानिकाच्या कानावर जाईल अशा आवाजात, योग्य केलेत असे सांगणार आहे. रापण म्हणतात तो परत फिरण्याचा खर्च कमी करण्यात आपलाही वाटा असू शकतो. मात्र प्रवाशांच्या नुकसानीचा संकासूर यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, कंपन्यांनी अशा वेळी पुढच्या प्रवासाची नीट सोय केली पाहिजे. ती सोय नसते म्हणूनच सगळा राग कॅप्टनवर निघतो.

शिकाऊ_पंख
मी मूळची मालवणची, सध्या विदर्भात वैमानिकाचे प्रशिक्षण घेत आहे. लवकरच एकटीने लांबच्या फेऱ्या कराव्या लागतील. @वातकुक्कुट काका, मोठ्या विमानात दोघे असतात. एकटीने जाताना ‘गो अराउंड’ म्हणणारे शेजारी कोणीच नसेल, तेव्हा काय करावे?

वातकुक्कुट
@शिकाऊ_पंख, स्वतःच्या मर्यादा लिहून काढ, आणि त्या नियमांतल्या मर्यादांपेक्षा कडक ठेव. दृश्य उड्डाणाला (बाहेर डोळ्यांनी पाहून केलेल्या उड्डाणाला) नियमाने साधारण ५ किलोमीटर दृश्यमानता चालत असेल, तर तू सुरुवातीला ८ धर. आडव्या वाऱ्याचा आकडा, ढगांची उंची, परत येण्याची वेळ आणि टाकीतले किमान इंधन हेही लिही. दृश्य उड्डाण करणारा वैमानिक नकळत ढगात शिरतो तेव्हा त्याला वर-खाली कळेनासे होते, आणि लहान विमानांचे कितीतरी जीवघेणे अपघात असेच झाले आहेत. त्यामुळे पुढचे धूसर दिसू लागताच वळायचे, पूर्ण दिसेनासे होण्याची वाट पाहायची नाही. तो कागद मांडीवरच्या पाटीला लावून ठेव. मर्यादा सैल करायची असेल तर ती जमिनीवर, प्रशिक्षकाशी बोलून, दुसऱ्या दिवसासाठी करायची. हवेत असताना ती फक्त कडक करता येते, असे स्वतःला घालून दे.

शिकाऊ_पंख
समजले, काका. आडव्या वाऱ्यासाठी मी ८ नॉट लिहिले आहे. उद्या प्रशिक्षकांना कागद दाखवून त्यांची सही घेते.